साठ पानं जिवंत ठेवलेला माणूस

चाळीस वर्षं मी फक्त खुनाच्या कादंबऱ्या वाचल्या. बंद खोलीतलं प्रेत, गायब झालेला भाचा, विषाची बाटली, बदललेलं मृत्युपत्र. पिथमपूरच्या कारखान्यात माझं कामच मालातली खोट शोधायचं होतं. दिवसभर ते करायचं आणि घरी येऊन पुस्तकातल्या माणसांची खोट शोधायची. बायको चिडवायची, की कुणाचा तरी मुडदा पडल्याशिवाय यांना पुस्तक गोड लागत नाही. ती स्वतः वेगळ्याच गोत्राची वाचक. तिच्या कादंबऱ्यांत माणसं अंगण सारवतात, रुसतात, बसस्टँडवर उभी राहतात, आणि दोनशे ऐंशी पानांनंतरही तिथेच उभी असतात. दर शनिवारी आम्ही दोघं मराठी ग्रंथालयात जायचो. आत शिरलं की ती उजवीकडच्या कपाटांकडे, मी डावीकडच्या, आणि अर्ध्या तासाने काउंटरवर भेट. चौतीस वर्षांच्या संसारात मी तिचं पुस्तक उघडलं नाही आणि तिने माझं.

गेल्या तीन महिन्यांत मात्र मी तिच्या गोत्राच्या तीन कादंबऱ्या वाचल्या, आणि त्याही मोठ्याने. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणून बसलोय. पण आधी तिच्या डोळ्यांचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

डाव्या डोळ्याचं उरकून टाकतो, कारण ते मला टोचतं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ती म्हणाली, की पेपरातल्या ओळी वाकड्या दिसतायत. मी माझ्या पुस्तकात होतो. वकिलाने पोलिसांना खोटं का सांगितलं ते आत्ता उलगडणार होतं. वर न बघता म्हणालो, नंबर बदलला असेल, नवा चष्मा करून घे. तिने करून घेतला. चार महिन्यांनी डॉक्टर म्हणाले की पडद्याचा मधला भाग गेला, त्या डोळ्यात आता काही करता येणार नाही. पहले आते तो बात और थी. जन्मभर खोट शोधण्याचा पगार खाल्लेला मी, आणि माझ्यासमोर बसून ती सांगत होती तरी मला दिसलं नाही. त्या वकिलाने खोटं का सांगितलं, ते आता मला आठवतसुद्धा नाही.

या हिवाळ्यात उजव्या डोळ्यात तेच सुरू झालं. या वेळी मी एक दिवस घालवला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, तीन इंजेक्शनं, महिन्याला एक, थेट डोळ्यात. त्यानंतर पडद्याचा फोटो काढायचा आणि मग ठरवायचं. टिकला तर टिकला. नाही टिकला तर कडेकडेचं दिसत राहील आणि मधलं जाईल. म्हणजे घरात चालता येईल, दार कुठे ते कळेल, पण अक्षर दिसणार नाही आणि समोरच्या माणसाचा चेहरा दिसणार नाही. ती ऐकत होती आणि मान हलवत होती.

घरी तपासायला त्यांनी एक चौकटींचा कागद दिला, मधोमध काळा ठिपका असलेला. तो आम्ही फ्रिजवर चिकटवला. रोज सकाळी दात घासून झाले की ती हातभर अंतरावर उभी राहायची, डाव्या डोळ्यावर तळवा धरायची आणि ठिपक्याकडे बघायची. रेघा सरळ दिसल्या तर बरं, वाकल्या तर वाईट. मी मागे उभा. चहा उतू गेला तरी मी हलायचो नाही. कधी ती म्हणायची, कालच्यासारखंच आहे. कधी म्हणायची, खालच्या कोपऱ्यात जरा लाट आहे. लाट म्हटलं की दिवसभर मी तिला विचारत राहायचो की आता कसं दिसतंय, शेवटी ती वैतागायची.

तिचं वाचन बंद झालं. मुलगी बेंगळुरूला असते, तिने फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. त्यातली बाई पुस्तकं वाचून दाखवायची. बायकोने दोन दिवस ऐकलं आणि फोन उशीखाली सरकवला. मुलीला म्हणाली, आवाज छान आहे गं, पण मी उसासा टाकला तरी ती बाई थांबत नाही. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं तर ही खिडकीपाशी नुसती बसलेली, हात मांडीवर. माझ्या तोंडून निघून गेलं की मी वाचतो. तिने माझ्या कानाकडे पाहिलं. म्हणजे माझ्याकडेच, तिला माझा चेहरा बघायचा तर आता कानाकडे बघावं लागतं.

‘माझी पुस्तकं? तुम्ही?’

मग काय शेजारचे भिया येणार का वाचायला, असं काहीतरी मी म्हणालो. पण आतून घाबरलो होतो. मोठ्याने मी कारखान्याच्या नोटिसांशिवाय काही वाचलेलं नव्हतं.

शनिवारी मी एकटाच गेलो आणि जन्मात पहिल्यांदा उजवीकडे वळलो. काउंटरवरच्या बाई आम्हाला वीस वर्षं ओळखतात. त्या म्हणाल्या, काकाजी, रस्ता चुकलात का. मी कारण सांगितलं तशी त्यांनीच एक कादंबरी काढून दिली. कोकणातल्या दोन बहिणी, आजारी वडील आणि एक घर. मला वाटलं, चला, घर आहे म्हणजे मृत्युपत्र असणार. नव्हतं.

रोज अकरा ते साडेबारा आणि दुपारच्या चहानंतर तासभर, असा आमचा वेळ ठरला. पहिले आठ दिवस माझे हाल झाले. साठ पानं होईस्तोवर त्या बहिणी कोकमं वाळवत होत्या. मी इतक्या घाईने वाचायचो की बायको म्हणायची, अहो, बातम्या देताय का. माझ्या पुस्तकांत बाराव्या पानावर पितळी समई आली की दोनशेव्या पानावर ती कुणाच्या तरी टाळक्यात बसते. इथे समई आली, घासली गेली, कोनाड्यात ठेवली गेली, बस्स, संपलं. माझ्या नजरेतून काही सुटलं की काय म्हणून मी दोनदा मागे जाऊन आलो. बायकोला म्हणालो, या लेखिकेने समई फुकट घालवली. ती म्हणाली, आपल्याही घरात इतक्या वस्तू आहेत, सगळ्या काय खून करायला आणल्या का.

मग एका दुपारी असं आलं, की थोरली बहीण वडिलांना भात भरवते आणि ते तोंड फिरवतात. दोन दिवसांसाठी आलेली धाकटी घास पुढे करते आणि ते खातात. थोरली काही बोलत नाही, ताट घेऊन आत जाते आणि उरलेला भात उभ्याउभ्या खाते. एवढंच. मी वाचता वाचता थांबलो. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला, धाकटीचा आला, आणि थोरलीचाही आला की बाई, बोल की काहीतरी. दोन दिवस ते माझ्या डोक्यातून जाईना. माझ्या पुस्तकांत शेवटी एकजण पकडला जातो आणि बाकीचे सगळे सुटतात, वाचणारासुद्धा. इथे पकडायला कुणीच नव्हतं. मला ते सहन होत नव्हतं आणि तरी अकरा वाजायची वाट मीच बघत होतो.

त्याच कादंबरीत पुढे एक आत्या निघाली. तिला दिसत नाही. मागच्या पडवीत बसून ती सुपातले तांदूळ बोटांनी निवडते आणि घरातली पोरं तिच्यासमोरून तोंडं वेडावत जातात, ते तिला कळत नाही. माझी नजर दोन ओळी पुढे धावत असते, त्यामुळे तोंडातून शब्द निघायच्या आत मला ते दिसलं. मी दीड पान गाळलं आणि सरळ पुढच्या प्रकरणाला लागलो. बायको काही म्हणाली नाही. मला वाटलं, सुटलो.

तिथून मी बिघडलो. माझ्या वाचनाचा आयुष्यभर एकच नियम होता, शेवटचं पान आधी बघायचं नाही. एकदा रेल्वेत एका माणसाने मला माझ्या हातातल्या पुस्तकाचा खुनी सांगून टाकला होता, तर मी त्याच्याशी भोपाळ येईपर्यंत बोललो नव्हतो. आणि आता तोच मी उजवीकडच्या कपाटांपाशी उभा राहून प्रत्येक कादंबरीची शेवटची दहा पानं आधी वाचायला लागलो. मग मधली चाळायची. कुठे दवाखाना आहे का, कुणी मरतं का, कुणाचे डोळे जातात का. बापरे, काय काय लिहून ठेवतात लोक. पाच पुस्तकं मी परत सारली. त्यातली एक होती शिवणकाम करणाऱ्या बाईची. मागच्या पन्नास पानांत तिची नजर जाते. ती कादंबरी तर मी कपाटाच्या अगदी मागच्या रांगेत ढकलून दिली.

शेवटी साताऱ्याची एक घेतली. निवृत्त शिक्षिका, एक विधुर गृहस्थ, दोघांची पत्रं, उतारवयातली माया. शेवटच्या पानावर ती झाडांना पाणी घालत होती. बिलकुल सेफ, म्हटलं. मधली पानं घाईघाईत चाळली, आणि एकशे सत्तरावं पान निसटलं.

दुसरं इंजेक्शन चार दिवसांवर होतं. सकाळची वेळ, ती खिडकीत, मी खुर्चीवर. त्या गृहस्थाला एका छोट्या ऑपरेशनसाठी आत नेलेलं, शिक्षिका बाहेर बाकावर बसलेली. मी वाचत होतो, दार उघडलं, डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले… पुढची ओळ मला दिसली. तो टेबलावरच गेला होता. आणि मी आवाजात काडीचा फरक न करता म्हणालो, सगळं छान झालं, उद्या घरी घेऊन जा.

बायको म्हणाली, बरं झालं बाई. मीही खूश. मग पान उलटलं आणि माझ्या लक्षात आलं की कादंबरीची अजून साठ पानं उरली आहेत आणि त्या सगळ्या साठ पानांत हा माणूस मेलेला आहे.

पुढचे दहा दिवस मी काय भोगलं ते माझं मला माहीत. रोज सकाळी ती अंघोळीला गेली की मी पुस्तक आणि पेन्सिल घेऊन बाल्कनीत बसायचो आणि त्या दिवसाचा मजकूर दुरुस्त करायचो. त्याच्या तेराव्याचा मी सत्यनारायण केला. त्याच्या फोटोला घातलेला हार एका सत्कारात त्याच्या गळ्यात घातला. शिक्षिका रडत होती तिथे तिला कांदा चिरायला बसवलं. पण ती फारच रडायची. तिसऱ्यांदा कांदा चिरवेना म्हणून तिला सर्दी केली. सगळ्यात कठीण म्हणजे त्या माणसाला काही काम हवं होतं. नुसता जिवंत ठेवून चालत नाही, तो दिवसभर करणार काय? मी त्याला खायला घातलं. सकाळी शेव आणि आमच्या इकडचा जिरावन मसाला घातलेले गरम पोहे, दुपारी झोप, संध्याकाळी फेरफटका. माणूस मारायला लेखकाला एक ओळ पुरते. जिवंत ठेवायला रोज उठून काहीतरी करावं लागतं, हे मला त्या दहा दिवसांत कळलं. बायको शांतपणे ऐकायची. कधी कधी वाचन सुरू व्हायच्या आधी विचारायची, आज काय खाणार आहेत ते. मला वाटायचं, रमली आहे.

मध्येच दुसरं इंजेक्शन झालं. मी बाहेर तिची पर्स आणि चष्मा धरून बसलो होतो. ती बाहेर आली, डोळ्यावर पट्टी, म्हणाली, मुंगी चावल्यासारखं वाटतं फक्त. ते खरं नव्हतं, तिचा हात थंडगार होता. दुसऱ्या दिवशी भाजी आणतो सांगून मी खजराण्याच्या गणपतीला गेलो. तिथे नवस बोलताना देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढतात आणि इच्छा पुरी झाली की येऊन सुलटं. मी असल्या गोष्टींना आयुष्यभर हसत आलेला माणूस. बोटाला कुंकू लावून उलटं स्वस्तिक काढलं आणि कुणी ओळखीचं बघत नाही ना म्हणून आजूबाजूला पाहिलं. घरी मात्र भाजी आणायला विसरलो.

सातारकर संपले तेव्हा बायकोने स्वतःच पुढचं पुस्तक सांगितलं. त्या शिवणवाल्या बाईचं. कव्हर हिरवं आहे, तिसऱ्या कपाटात असतं, असंही सांगितलं. मी रिकाम्या हाताने परत आलो आणि म्हणालो, कुणीतरी नेलंय. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या शनिवारी ती म्हणाली, मी येते. माझा दंड धरून रिक्षात बसली, ग्रंथालयात शिरली, आणि कपाटांकडे न जाता सरळ काउंटरवर जाऊन त्या पुस्तकाचं विचारलं. बाईंनी रजिस्टर बघितलं आणि सांगितलं की ते पुस्तक सहा महिन्यांत कुणी नेलंच नाही. मग उठून त्यांनी मागच्या रांगेतून काढूनही आणलं. मी छताकडे बघत उभा राहिलो.

बडा गणपतीच्या पुढे आमचं घर, तिथवर पोचायला रिक्षाला ट्रॅफिकमध्ये चांगला अर्धा तास लागला आणि तो अर्धा तास मी मनात सबबी जुळवत होतो. घरी आल्यावर ती पाणी प्यायली, खिडकीतल्या जागेवर बसली आणि म्हणाली,

‘तो सातारचा माणूस ऑपरेशनच्या टेबलावर जातो. मी ते पुस्तक दोनदा वाचलंय.’

ती म्हणाली, की ती गंमत बघत होती, हे याला कुठवर नेतात बघू. पोह्यांवर जिरावन पडलं तेव्हा तिला हसू आवरेना. साताऱ्यात कुठून आलं जिरावन? मग ती खरंच हसायला लागली आणि मलाही हसू आलं, लाज वाटत असूनही. दोन बहिणींच्या पुस्तकातली आत्या मी गाळली, तेही तिला कळलं होतं. काही गाळायचं असलं की तुम्ही आधी श्वास घेता, ती म्हणाली. हसणं थांबल्यावर तिने हिरवं पुस्तक चाचपून माझ्या मांडीवर ठेवलं.

‘हेही मी वाचलंय. तेव्हा माझं सगळं लक्ष तिच्या मुलाच्या लग्नाकडे होतं. नजर गेल्यावर ती काय काय करते, ते मी भराभर उलटून टाकलं, कंटाळवाणं वाटलं म्हणून. आता मला तेवढंच ऐकायचंय. तुम्ही गाळलंत तर मला कोण सांगणार?’

मी वाचायला घेतलं.

ते पुस्तक मी एक शब्द न गाळता वाचलं आणि एवढं अवघड काम मी कारखान्यातही केलं नाही. ती शिवणवाली काही देवमाणूस नाही. नजर जायला लागते तेव्हा ती पहिल्यांदा सुनेवर आग पाखडते, तूच कात्री लपवतेस म्हणते. एका गिऱ्हाइकाचं ब्लाउज उलटं शिवते आणि कबूल करत नाही. मग हळूहळू रिळांना गाठी मारते. एक गाठ म्हणजे पांढरं, दोन म्हणजे काळं. बटणांचे डबे हलवून आवाजावरून ओळखते. मला वाटलं होतं, हे ऐकून बायको खचेल. ती मध्ये मध्ये थांबवायची आणि म्हणायची, हे परत वाचा. सुनेला शिव्या देते ते प्रकरण तर तिने तीनदा वाचायला लावलं आणि दर वेळी खूश झाली. मी चिडून म्हणालो, यात खूश होण्यासारखं काय आहे. ती म्हणाली, अंध माणूस पुस्तकात आला की नेहमी गरीब गाय असतो, ही तशी नाही म्हणून.

माझ्या कादंबऱ्यांनी मला शेवट शोधायला शिकवलं होतं. हिच्या कादंबरीत शेवट आधीच माहीत होता, मलाही आणि तिलाही, आणि तरी ती कान टवकारून बसायची. रोज अकराला ती माझ्याआधी जागेवर असायची. मला ते समजायचं नाही, आणि मला ते आवडायचंही नाही.

कारण मग घरात एकेक गोष्ट दिसायला लागली. मिठाच्या डब्याला एक रबरबँड, साखरेला दोन. तिच्या गोळ्यांच्या पाकिटांपैकी एकाचा कोपरा कापलेला. एका दुपारी ती डोळे मिटून ओट्यापाशी उभी होती आणि गॅसच्या बटणांवरून बोटं फिरवत होती. माझं डोकं फिरलं. मी चांगला तावातावाने बोललो, की अजून एक इंजेक्शन बाकी आहे, डॉक्टरांनी आशा सोडली नाही, मी सोडली नाही, आणि तू इथे तालीम करतेस. ती डोळे मिटूनच होती.

‘असू दे की. इंजेक्शन डोळ्याला आहे. हे माझ्यासाठी आहे.’

तिसरं इंजेक्शन झालं. मग फोटोपर्यंत महिना काढायचा होता. फ्रिजवरचा कागद तिथेच होता आणि आता ती रोज एकच सांगायला लागली, कालच्यासारखंच. लाट नाही, काही नाही. पहिले चार दिवस मी आनंदात होतो. पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ती नीट उभी राहायच्या आधीच ते वाक्य बोलून मोकळी होते. एकदा तर तिने डावा डोळा झाकलाच नव्हता. मला शंका आली की आता ती मला गाळून सांगतेय. विचारायची हिंमत झाली नाही. माझी जुनी पुस्तकं मी त्या महिन्यात उघडून बघितली, डोकं दुसरीकडे लागावं म्हणून. पहिल्याच प्रकरणात एक माणूस मेला आणि सगळे चहा प्यायला लागले. मी पुस्तक मिटलं. त्या माणसाला घरी कोण होतं, हेच मला कळेना आणि लेखकाला ते सांगायची गरजही वाटली नव्हती.

फोटोच्या दिवशी आम्ही दहाला पोचलो. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे तिला सगळंच धुरकट होतं. फोटो काढून झाला, तपासणी झाली, डॉक्टर कॉम्प्युटरवर लिहीत राहिले आणि मग त्यांना घाईने ऑपरेशनला बोलावलं. थोड्या वेळाने त्यांची असिस्टंट बाहेर आली, म्हणाली, सर को एक घंटा लगेगा, तब तक रिपोर्ट आप रखिए, आकर समझा देंगे. तिने माझ्या हातात लिफाफा दिला.

मी तो मांडीवर ठेवला. ती म्हणाली, उघडा. मी म्हणालो, डॉक्टर येऊ देत, इंग्रजीतलं काहीतरी असतं, आपल्याला नीट कळत नाही. ती म्हणाली, चौतीस वर्षं कारखान्याचे रिपोर्ट वाचलेत ना, उघडा आणि वाचा.

अर्धं पान होतं. मी आधी मनात वाचलं. आजूबाजूला माणसं बसली होती, कुणाच्या तरी फोनवर भजन लागलं होतं, आणि मला कागदावरचं सगळं स्पष्ट दिसत होतं, याचीच चीड आली. मग मी एकेक ओळ तिला मराठीत सांगत गेलो. उजवा डोळा. सूज उतरली आहे. पडद्याच्या मध्यभागी व्रण धरला आहे. अक्षर ओळखण्याइतकी नजर परत येईल असं वाटत नाही. आणखी इंजेक्शनांचा सध्या उपयोग नाही.

तिने माझ्या कानाकडे तोंड वळवलं.

‘सध्या असं लिहिलंय?’

मी कागदाकडे पाहिलं.

‘नाही.’

‘मग परत वाचा,’ ती म्हणाली.

मी पहिल्या ओळीपासून परत वाचलं, जसं लिहिलं होतं तसं.